चौथ्या फेरीला चार रुपये

बचत गटाची वही मीच लिहिते,
म्हणून हेही लिहून ठेवलं. दुसरं काही नाही.

मंगळवारी आम्ही दोघं होतो, मी आणि हिलाल.
आई धुळ्याला सिव्हिलमध्ये, तिसऱ्या मजल्यावर, खिडकीकडची खाट.
स्टँडवर सिटी बसची दोन कार्डं घेतली, निळी,
प्रत्येकात शंभर टाकले,
एक त्याच्या खिशात, एक माझ्या बटव्यात.
तो रक्तपेढीत गेला, आला, पुन्हा गेला
(पहिल्यांदा चिठ्ठीवर शिक्काच नव्हता),
दुसऱ्यांदा येताना कुणीतरी मोटरसायकलवर सोडलं.
मी देवपुरात रिपोर्टला,
तिथून पाचकंदील, रेशनकार्डाच्या झेरॉक्सला,
कारण योजनेच्या खिडकीला दोन्ही बाजू लागतात,
आणि तिथून परत.

बारा, बारा, बारा. त्याचे छत्तीस.
बारा, बारा, बारा. माझे छत्तीस.

बसच्या दारावर कागद चिकटवलेला:
दिवसाला चाळीसच कापले जातील, पुढचा प्रवास मोफत.
मी कंडक्टरबाईला विचारलं, आमचे तर बहात्तर झाले ना?
वैजंता बागुल, असं छातीवर नाव,
कुंकू घामाने भुवईपर्यंत उतरलेलं.
म्हणाली, ताई, मशीन माणसं ओळखत नाही,
घरही ओळखत नाही, कार्ड ओळखतं.
दोघांनी वाटून घेतलं की
कुणाचंच भरत नाही.

तिने हे सुट्टे मोजता मोजता सांगितलं
आणि पुढच्या सीटकडे गेली.
मी साक्री रोड येईपर्यंत तेच चघळत बसले.

बुधवारी पहाटे हिलाल सुरतेला गेला.
मागावर बदली माणूस मिळत नाही,
दोन दिवसांचा तिसरा झाला तर शेठ नाव खोडतो.
गाडीत चढताना त्याने कार्ड माझ्या हातात दिलं,
चौसष्ट शिल्लक आहेत, म्हणाला,
जसं काही मागे तेवढंच ठेवून चालला होता.

देवपूर. बारा.
परत. बारा.
पाचकंदील, औषधाचं घाऊक दुकान. बारा.
चौथ्या वेळी कार्ड टेकवलं
आणि मशीनने चारच कापले.
मी दारातच उभी राहिले, बघत.
मागचा माणूस म्हणाला, चला ना बाई, ऊन लागतंय.

पाचव्याला शून्य.
आवाजही वेगळा, दोनदा बारीक टिक टिक,
चिमणीने पत्र्यावरचा दाणा उचलावा तसा.
सहाव्याला शून्य. सातव्याला शून्य.
मला वाटलं, कुणीतरी कुठेतरी बसून
माझ्या फेऱ्या मोजतंय आणि म्हणतंय,
पुरे, आज हिच्याकडून आणखी घेऊ नका.
मग आठवलं, मशीन माणसं ओळखत नाही.
पारा चव्वेचाळीसवर.
उन्हाच्या दारावर कुणी कागद चिकटवलेला नव्हता.

संध्याकाळी आईला सांगितलं. सलाईन लावलेला हात
तिने जपून पोटावर घेतला, बराच वेळ विचार केला.
"फुकट शे ना?
मंग पांझराना पूलवर जाई ये जराशी.
वारा खाई ये."

गेले. नऊ वीसची शेवटची बस.
नदीत पाणी नव्हतं, या दिवसांत नसतंच,
वाळूत दोन गाढवं उभी, एकमेकांकडे पाठ करून.
वारा मात्र होता.
येताना वैजंताबाई चपला काढून मागच्या सीटवर बसलेली,
म्हणाली, रात्री बाराला सगळं पुसलं जातं हां,
उद्या पुन्हा पहिल्या रुपयापासून.

व्हरांड्यात, नळाजवळच्या दिव्याखाली वही उघडली.
मंगळवार, दोघं, बहात्तर.
बुधवार, एकटी, चाळीस.
पुढे सवयीने लिहून गेले, बुधवार स्वस्त पडला.

तेवढी ओळ मग खोडली.